तळ दिसणारं पाणी

तुरीला फूल आलं आहे. आर्णीहून महागावकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पिवळंच पिवळं. मागच्या वर्षी याच दिवसांत हे पाहून मी सरांना मोटरसायकल थांबवायला लावली होती आणि फोटो काढा म्हणून त्यांच्या मागे लागले होते. यंदा ऑटोतून जाताना मी ते पाहिलं, पिवळं आहे हे कळलं, आणि मांडीवरचा दहीभाताचा डबा सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले. कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करायची आमच्याकडे रीत आहे. धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाशी, दहीभात ठेवायचा, हात जोडायचे, मग बाया ओटी बांधून कामाला लागतात. दर वर्षी ते सर करायचे आणि मी मागे उभी राहून सूचना द्यायचे. यंदा सूचना ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे फार लवकर आटोपलं.

सर म्हणजे माझे यजमान. शाळेत तीस वर्षं त्यांनी पीटी शिकवली. सगळी आर्णी त्यांना सर म्हणायची, लग्नानंतर वर्षभरात मीही म्हणायला लागले. पोळ्याच्या आठ दिवस आधी ते गेले. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, छातीत दुखतं म्हणाले, आणि यवतमाळला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी रडले नाही. आधी वाटलं, पाहुणे आहेत, गडबड आहे, म्हणून येत नसेल. मग तेरवी झाली, पाहुणे गेले, प्राजू परत अमेरिकेला गेली, तरी नाही. शेजारच्या बाया काळजीने म्हणायच्या, "रडून घे वो बाई, आतल्या आत ठेवू नको." आत काही असतं तर मी बाहेर काढलं असतं. मी घरी ब्लाउज शिवते. एके दिवशी मशीनची सुई बोटात गेली आणि कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा सुई लागल्याचं मला कळलं. बोट धुतलं, पट्टी बांधली, दुसरं कापड घेतलं. कुणी विचारलं तर मी ठीक आहे म्हणून सांगते, आणि ते खरंच आहे. जेवते, झोपते, मापं घेते.

प्राजू आमची एकुलती एक मुलगी. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "आई, व्हिसा आहेच तुझा. जानेवारीत परत जहाजावर जाऊ. मागच्या वेळचंच बेट आहे. दोन जागा पाठवते, त्यातली एक तू निवड. रविवारी सांग मले." दोन फोटो आले. एका जागी वाळूवरून चालत पाण्यात जायचं, दुसऱ्या जागी बोटीतून. दोन्ही फोटोंत पाणी निळं होतं. मी फोन पालथा ठेवला आणि काजं करायला घेतली.

पण निवडायचं म्हटल्यावर मागचा सगळा मोसम हळूहळू घरात येऊन बसला. मी बोलावला नव्हता.

मागच्या वर्षी दिवाळीचे दिवे उतरवले आणि प्राजूचा फोन आला. तिने आणि जावयांनी आमची जहाजाची तिकिटं काढली होती. कॅरिबियन समुद्र, सात दिवस, आणि मधल्या एका बेटावर जहाज सकाळी थांबणार ते दुपारी चारला निघणार. तेवढ्या वेळात डोळ्यांवर काच लावायची, तोंडात नळी धरायची, पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे मासे बघायचे. याला स्नॉर्कलिंग म्हणतात. सरांनी तो शब्द दोन दिवसांत पाठ केला आणि तिसऱ्या दिवसापासून बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर वापरायला लागले.

"बाबांची काही चिंता नाही," प्राजू म्हणाली. "बाबा तर पट्टीचे पोहणारे. आपल्याला आईसाठी सोपी जागा पाह्यची आहे. नवशिक्यांची."

सर फोनकडे पाहून हसले. मिशीवरून हात फिरवला. "तुझ्या आईचंच पाहावं लागते बेटा," ते म्हणाले. मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. मिशीवरून फिरून आल्यावर तो हात गुडघ्यावर जाऊन घट्ट बसला होता.

सरांची विहीर आमच्या घरात फार मोठी होती. खरी विहीर महागावजवळच्या त्यांच्या शेतात, साधी, दगडी बांधणीची. पण गोष्टीतल्या विहिरीत ते लहानपणी काठावरून सूर मारायचे, पार तळाला जायचे आणि तळाची माती मुठीत घेऊनच वर यायचे. प्राजू लहान असताना रोज ही गोष्ट ऐकून झोपायची. एकदा तिने विचारलं, "माती कशी होती बाबा?" सर जरा थांबले आणि म्हणाले, "निळी. अन् गार." तिने शाळेतल्या निबंधात तेच लिहिलं. पुढे अमेरिकेत मित्रमंडळीत सांगितलं, जावयांना सांगितलं. निळी माती साता समुद्रापार गेली.

मला खरं काय ते लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यातच कळलं होतं. असाच वेचणीचा मोसम होता. सासूबाई आणि मी त्याच विहिरीच्या काठावर बसून डबा खात होतो. आमच्याकडे पोरं पोहायला शिकतात ती पाठीला डबा बांधून. तेलाचा रिकामा डबा, तोंड झाळून बंद केलेला, सुंभाने पाठीला बांधायचा. आठ-पंधरा दिवसांत पोरगा डबा सोडतो आणि पोहायला लागतो. सासूबाई हसत म्हणाल्या, "याचा डबा काही सुटलाच नाई बाप्पा. गावातले सगळे पोट्टे शिकले, हा डब्यावरच राह्यला. मंग लाजून विहिरीवर जाणंच सोडलं यानं." आणि मग घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "तू सांगू नको वो कोणाले. पीटी शिकवते तो."

त्याच दिवशी संध्याकाळी घरी येताना सरांनी मला विचारलं, "तुले येते का पोहता?"

मला पोहता येतं. माझं माहेर पुसदच्या बाजूला, पूस नदीच्या काठचं. म्हशी नदीत उतरल्या की आम्ही पोरी त्यांच्या शेपट्या धरून पलीकडे जायचो आणि येताना शेपटी न धरता यायचो. पावसाळा ओसरला की आई काठीने हाकलून बाहेर काढेपर्यंत मी पाण्यात असायचे. बोटांच्या कातडीला सुरकुत्या पडायच्या. पण त्या संध्याकाळी मी नवी नवरी होते, सासूबाईंचं बोलणं ताजं होतं, आणि विचारणारा माणूस मला आवडत होता. मी म्हणाले, "नाही बाई. मले तर पाण्याची भीती वाटते." ते खूश झाले. "मी शिकवतो तुले कधीतरी," म्हणाले.

ते 'नाही' चौतीस वर्षं चाललं. माहेरी गेले की मी काठावर बसायचे आणि भाच्यांचे कपडे सांभाळायचे.

तर मागच्या वर्षी प्राजू ज्या नवशिकीसाठी जागा शोधत होती ती मी नव्हते. पण तसं म्हणायची सोय नव्हती. मुलीपुढे तिच्या बापाची मान खाली जाऊ द्यायची नाही, एवढंच मला त्या मोसमात हवं होतं, आणि त्यासाठी माझ्याइतकी घाबरट बाई यवतमाळ जिल्ह्यात दुसरी नाही असं दाखवायची माझी तयारी होती. मी रोज संध्याकाळी प्राजूला प्रश्न विचारून हैराण करायचे. पाण्यात चालत जायचं की उडी मारायची? वारा कुठल्या बाजूने येतो? लाटा सकाळी कमी असतात की दुपारी? जॅकेट देतात का, आणि ते सुटत तर नाही? ती हसायची. "आई, तू काहून एवढी भितेस?" पण सगळं नीट विचारून सांगायची. बेटाच्या ज्या बाजूला वारा लागत नाही तिथलं पाणी शांत असतं. सकाळची वेळ बरी. जॅकेट असतंच, त्याने माणूस बुडत नाही. जॅकेटचं ऐकून मी सरांकडे पाहिलं नाही. माझ्या मनात एकच शब्द आला होता, डबा.

अंगणात खाट टाकून आम्ही फोन मध्ये ठेवायचो. बाजूला उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं ताट. शेंगा सोलता सोलता सर बोट पुसून फोटो पुढे सरकवायचे. तीन जागा होत्या. एकीत पाण्याला ओढ होती. तिथं आपण पडून राहायचं, पाणीच आपल्याला पुढे नेणार आणि तिकडे बोट येऊन उचलणार. ती मी पहिल्याच दिवशी काढून टाकली. वाहत्या पाण्याशी मस्करी करत नाहीत एवढं नदीकाठच्या माणसाला कळतं, पण मी म्हणाले, "नाव ऐकूनच पोटात गोळा आला." उरल्या दोन. पहिली, वाळूचा किनारा. हळूहळू चालत आत जायचं, भोवती दोरी आणि तरंगते गोळे लावलेले, उंच खुर्चीवर शिट्टी घेतलेला माणूस. दुसरी, बोटीतून थोडं आत जायचं आणि शिडीने पाण्यात उतरायचं.

आता कुणीही म्हणेल, पहिली घ्या. पण पहिलीच्या फोटोत पाणी गढूळसर होतं. लोकांच्या पायांनी वाळू उठली असणार. तळ दिसत नव्हता. आणि दुसरीच्या फोटोत तळ असा दिसत होता की बोट पाण्यावर आहे की हवेत ते कळू नये. खाली वाळूवर बोटीची सावली पडली होती.

"हे पाह्य," सर म्हणाले. "तळ दिसून राह्यला. वाळूतली रेघ न् रेघ दिसते. कंबरभर पाणी असन, फार तर छातीभर."

"अन् ते पहिलं?"

"त्याचा तर तळच नाई दिसत. किती परस असन, कोण जाणे."

आमच्याकडे विहिरीचं पाणी परसांत मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. आणि विहिरीचा तळ दिसतो तो चैत्र-वैशाखात, पाणी संपत आल्यावर. तोपर्यंत काळंच दिसतं. माझ्या नदीचाही तोच हिशेब. गोटे दिसतात तिथं पाणी घोट्याएवढं, फार तर गुडघ्याएवढं. काळं दिसतं तो डोह, तिकडे फिरकायचं नाही. सरांची विहीर आणि माझी नदी, दोघांनी एकच उत्तर दिलं. मला इतकं हायसं वाटलं की मी शेंगांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. सर छातीभर पाण्यात उभे राहतील, वाकून मासे पाहतील, पोहायचा प्रश्नच येणार नाही. मी फोनवर म्हणाले, "दुसरी घे प्राजू. शिडी आहे म्हणते ना, शिडीनं उतरणं मले जमते." तिने पुन्हा वाचून पाहिलं. नवशिक्यांना चालते असं लिहिलं होतं. ठरलं.

मग प्राजूने पाठवलेल्या काचा आणि नळ्या आल्या आणि सरांनी अंगणात सराव सुरू केला. जुनं तांब्याचं घंगाळ काढलं, थंडी म्हणून मी त्यात कोमट पाणी घातलं. सर पाटावर बसले, काच लावली, नळी तोंडात धरली आणि तोंड पाण्यात घातलं. लगेच ठसका लागून वर आले. मिशी आडवी येत होती. काच ओठावर नीट बसेना, मिशीतून पाणी आत शिरे. मी म्हटलं, "काढून टाका." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी व्हॅसलीनची डबी आणून दिली. रोज सकाळी मिशीला व्हॅसलीन चोपडून ते घंगाळात तोंड घालायचे आणि मी घड्याळ घेऊन उभी. तीन मिनिटांपर्यंत मजल गेली. एकदा वर येऊन गंभीरपणे म्हणाले, "मासे नाई दिसले." मी इतकी हसले की घड्याळ हातातून सुटलं. त्याच वेळी माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. दोन्ही हातांनी त्यांनी घंगाळाच्या कड्या पकडल्या होत्या. बोटं पांढरी पडली होती.

आज हे लिहिताना मला ते घंगाळ, ती वाफ, ओली मिशी, सगळं जसंच्या तसं दिसतं. फक्त दिसतं. दुसऱ्या कुणाच्या घरातलं असावं तसं. घंगाळ माळ्यावर आहे, परवा पाहिलं, त्यात जुन्या कापडांच्या चिंध्या भरल्या आहेत.

जहाजाचं फारसं आठवत नाही. जेवण खूप होतं. आठवते ती बेटावरची सकाळ. बोट निघाली, वारा खारट होता, सरांनी टोपी काढून खिशात घातली. जावई पाण्याला कंटाळलेले, ते किनाऱ्यावरच थांबले. बोट थांबली आणि खाली खरोखर तळ होता. फोटोत होता तसाच. वाळूवरच्या रेघा, एका काळ्या दगडाभोवती गवत, आणि त्यात काहीतरी हललं. मी सरांचा दंड धरून म्हणाले, "पाहा, दिसते." तेवढ्यात बोटीवरच्या माणसाने इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मला समजलं नाही. सरांना समजलं असावं, कारण ते एकदम प्राजूकडे वळले आणि जॅकेटचा पट्टा बांधून दे म्हणाले. बाप-लेकीचं ते पट्टा बांधणं बराच वेळ चाललं होतं. मी आपली काच पुसत बसले.

सर आधी उतरले. शिडीची एक पायरी, दुसरी, तिसरी. मग पायऱ्या संपल्या आणि त्यांनी तळाला टेकवायला पाय खाली सोडला. पाय नुसताच हलत राहिला. त्यांनी खाली पाहिलं, पाय अजून लांब केला. तळ तिथंच होता, स्वच्छ, त्यांच्याच पायाची सावली त्यावर पडली होती. शिडी दोन्ही हातांनी धरून त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"दिसून तर राह्यला," ते हळूच म्हणाले.

चौतीस वर्षांत मी त्यांचा तो चेहरा पाहिला नव्हता. प्राजू मागेच उभी होती. मी तिला ओलांडून शिडीकडे गेले आणि उतरले. पाणी छातीशी आलं, जॅकेटने मला उचललं, आणि माझे पाय आपोआप हलायला लागले. नदीतले पाय. त्यांना काही विसरायला झालं नव्हतं. मी त्यांना थांबवलं. शिडीची दुसरी बाजू घट्ट पकडली आणि सगळ्या बोटीला ऐकू जाईल असा गळा काढला. "अहो, मले लय भीती वाटून राह्यली. मले सोडून जाऊ नका. प्राजू, तू जा, तुझे बाबा थांबतीन माझ्यापाशी."

सरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "जा बेटा तू," ते म्हणाले. "मी आहो हिच्यापाशी."

पाऊण तास आम्ही दोघं त्या शिडीला धरून होतो. बोटीवरचा एक माणूस सारखा सरांच्या आजूबाजूला तरंगत होता. मला वाटलं, त्याला आमची गंमत वाटत असेल. सरांनी दोनदा पाण्यात तोंड घातलं. दुसऱ्यांदा बराच वेळ. वर आले तेव्हा मिशीवरून पाणी गळत होतं. "निळा होता एक. अन् पट्ट्यापट्ट्याचे चार," ते म्हणाले. मी एकदाही खाली पाहिलं नाही. एवढी भ्यालेली बाई खाली कशी पाहील? बराच वेळ डोळे मिटून मी त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरून होते, आणि मी फार आनंदात होते. परत जाताना ते प्राजूला म्हणाले, "तुझ्या आईनं हातच सोडला नाई, नाईतर त्या टोकापर्यंत जाऊन आलो असतो." मी मान हलवली. ओठांवर मीठ होतं ते चाटत राहिले.

बापाच्या पाठीवर टॉवेल टाकून प्राजू ती जरा जास्तच वेळ पुसत राहिली होती.

तर काल रविवार. सीतादही झालं. बंजारा तांड्यावरच्या बाया वेचायला लागल्या होत्या. जमनाबाई आमच्याकडे पंधरा वर्षं वेचायला येते. तिने ओटीत कापूस टाकता टाकता विहिरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर असते तं निळ्या मातीचं सांगतलं असतं बाई. दर साली सांगत जाय." मी हो म्हणाले. कापूस चांगला फुटला होता. हात लावला की बोंडातून सुटून येत होता. मी दोन-चार बोंडं वेचली, मग फोन वाजला म्हणून विहिरीपाशी गेले. रेंज तिथंच येते.

विहीर भरली होती. पाणी काठाच्या जरा खाली, काळं, वर तुरीच्या दोन पाकळ्या. मी काठावर बसले.

"ठरवलं का आई?" प्राजूने विचारलं.

"पहिली घे. वाळूवरून चालत जायची."

"हाव, तीच बरी. तुले जमेल ती." मग तिने आवाज हळू केला. "आई, एक सांगू? बाबांनी नको म्हटलं होतं सांगू. पण आता सांगते."

"सांग."

"मागच्या वेळी बोटीवर, मी पट्टा बांधून देत होती ना, तेव्हा बाबा म्हणाले, बेटा, हे तीस फूट आहे म्हणते तो बोटवाला, अन् तळ तर दिसून राह्यला. मले पोहता येत नाई. कधीच आलं नाई. तुझ्या आईले सांगू नको. ती आधीच पाण्याले भिते, मले येत नाई हे समजलं तर ती उतरायचीच नाई. येवढ्या दूर आली, तिले मासे पाहू दे." प्राजू घाईने पुढे म्हणाली, "मीच त्या माणसाले सांगितलं, बाबांजवळून हलू नको म्हणून."

समोर जमनाबाई आणि बाकीच्या बाया ओळीने पुढे सरकत होत्या.

मग मला राग आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं आणि तो राग होता. असा आला की कान गरम झाले. म्हणजे मी गळा काढून रडत होते तेव्हा हा माणूस माझ्यासाठी उतरला होता. मला मासे दिसावेत म्हणून. आणि मी डोळे मिटून बसले होते, यांची लाज राहावी म्हणून. ती लाज यांनी स्वतःच लेकीपुढे उतरवून ठेवली होती, वर, बोटीवर, माझ्या पाठीमागे. मग चौतीस वर्षं मी काठावर कुणासाठी बसले? एकदा यांनी सांगायचं होतं मला. आर्णीत, रात्रीचं जेवण झाल्यावर, ताटं उचलताना, कधीही. मी हसले असते थोडी, मग माझंही सांगितलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर बसून आम्ही पूस नदीवर गेलो असतो. मी यांचा डबा सोडवला असता. एका उन्हाळ्यात सोडवला असता. मला त्यांच्याशी भांडायचं होतं. आत्ता, तिथंच, विहिरीच्या काठावर, नाव घेऊन भांडायचं होतं. आणि भांडायला माणूस नव्हता. तो नाही हे पोळ्यापासून मला सगळे सांगत होते, ते मला तेव्हा समजलं.

"आई? ऐकून राह्यली ना तू?"

"प्राजू," मी म्हणाले, "मले पोहता येते."

"काय?"

"लहानपणापासून येते. नदीत शिकली मी. तुझ्या बाबाले नाही सांगतलं." माझा आवाज बराच चढला असणार, कारण जमनाबाईने वाकलेली मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "पहिली नको घेऊ. ती दुसरी कशी आहे, बोटीतली?"

"ती मागच्या वेळेपेक्षाही खोल आहे आई. चाळीस फूट आहे तिथं."

"तळ दिसते का?"

"दिसतो. एकदम साफ."

"पाय पुरते का?"

"नाही."

"तीच घे," मी म्हणाले, आणि मग मला रडू आलं.